डोक्यावरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

जुनं मँडोलिन हाती लागलं की माणूस हमखास दोन गोष्टी करतो. आधी त्याच्या डोक्यावरचं नाव वाचतो, मग खिशातून फोन काढून त्या नावाची किंमत शोधतो. फोनवर कुठलातरी आकडा दिसतो, तो नेमका दुसऱ्याच मॉडेलचा असतो आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो. विकणारा म्हणतो, शंभर वर्षांचं आहे. घेणारा मनातल्या मनात म्हणतो, याला माहीतच नाही आपल्याकडे काय आहे ते. दोघांपैकी एकानेही त्या वाद्याच्या पोटात डोकावून पाहिलेलं नसतं.

अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी शनिवारी सकाळी गराज सेलला आणि इस्टेट सेलला जातात, तिथे असं काहीतरी समोर येतं. मुंबईत कुणी चोर बाजारातून उचलून आणतं. कुणाच्या घरी आजोबांचं वाद्य कपाटावर वर्षानुवर्षं पडून असतं. या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे: बघण्याचा क्रम उलटा करा. आधी मान बघा, मग तबली, मग पोटाच्या आतली बाजू आणि नाव अगदी शेवटी. नावावरून सुरुवात केली की डोळे आंधळे होतात. मोडकी मानसुद्धा सरळ दिसायला लागते.

मुळात ही वाद्यं एवढी आली कुठून? १८८० साली ‘स्पॅनिश विद्यार्थी’ म्हणून गाजलेला एक वाद्यवृंद न्यूयॉर्कला आला. त्यांच्या हातात होती बांदुर्रिया, पण बांदुर्रिया आणि मँडोलिन यांतला फरक अमेरिकन श्रोत्यांना कळत नव्हता. न्यूयॉर्कमधल्या इटालियन वादकांनी ही संधी हेरली, तसलेच पोशाख चढवले आणि मँडोलिन घेऊन तोच खेळ सुरू केला. पुढची तीसेक वर्षं अमेरिकेला मँडोलिनचं वेड लागलं. कॉलेजांत, चर्चमध्ये, लहानसहान गावांत मँडोलिन क्लब निघाले. एवढी वाद्यं कारागिराच्या हातून कुठली पुरणार? कारखाने उभे राहिले, त्यातले बहुतेक शिकागोत. १८६४ मध्ये सुरू झालेली लायन अँड हिली कंपनी ‘वॉशबर्न’ नावाने वाद्यं काढत होती. १८९२ मध्ये विल्हेल्म शुल्ट्झ या जर्मन माणसाने हार्मनी काढली. १९१६ मध्ये ती सीअर्स रोबकने विकत घेतली. ग्रोशेल नावाची एक मँडोलिन कंपनी होती, ती नावं बदलत बदलत १९३१ मध्ये ‘के’ झाली. न्यू जर्सीत जर्सी सिटीला ऑस्कर श्मिटचा कारखाना ‘स्टेला’ बनवत होता. शेतावर राहणारा माणूस सीअर्सचा नाहीतर माँटगमरी वॉर्डचा कॅटलॉग उघडून थोडक्या डॉलरांत मँडोलिन मागवायचा आणि ते टपालाने घरी यायचं.

या सगळ्यातून घ्यायचं ते एवढंच, की ही वाद्यं ढिगाने आणि स्वस्तात विकण्यासाठी बनली. १९२० च्या दशकात बॅन्जो आणि जाझ आले, लोकांनी मँडोलिन माळ्यावर टाकलं. आज ती माळ्यावरून खाली येताहेत. शंभर वर्षांचं असणं ही त्यांच्यात काही विशेष बाब नाही, जवळजवळ सगळीच तेवढी आहेत.

कलामाझूची गोष्ट मात्र वेगळी. मिशिगनमधल्या या गावात ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या माणसाने व्हायोलिनसारखी तबली आणि पाठ कोरून मँडोलिन बनवायला सुरुवात केली आणि १८९८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १९०२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली. तोवर मँडोलिन म्हणजे वाटीसारख्या पाठीचं वाद्य असाच समज होता. गिब्सनही कारखानाच, तिथेही यंत्रंच होती. पण लाकूड कोरायचं की दाबून वाकवायचं हा निर्णय तिथे कोरण्याच्या बाजूने झाला, आणि जुन्या मँडोलिनच्या बाजारातली सगळी उतरंड त्या एका निर्णयावर उभी आहे.

आता वाद्य हातात घ्या. पाठ कशी आहे ते बघा.

पाठ कलिंगडाच्या फाकांसारख्या पट्ट्या जोडून केलेली, फुगीर असेल तर ते जुन्या नेपल्सच्या धाटणीचं. अमेरिकन लोक त्याला थट्टेने ‘बटाट्यावरचा किडा’ म्हणतात. दिसायला ही सगळ्यात देखणी. शिंपल्याची नक्षी, खाली फुलपाखरू कोरलेलं, लोक याच्याच प्रेमात पडतात. आणि यांनाच आज सगळ्यात कमी भाव आहे. शंभर-दीडशे डॉलरलासुद्धा गिऱ्हाईक मिळत नाही, कारण बहुतेकांच्या माना वाकलेल्या असतात आणि त्या सरळ करण्याचा खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. पाठीच्या पट्ट्या मोजून बघा. नऊ-अकरा रुंद पट्ट्या असतील तर कॅटलॉगमधला स्वस्त माल. तीस-चाळीस बारीक पट्ट्या, तीही शिसवी, असतील तर त्या काळातलं वरच्या दर्जाचं काम. वरच्या दर्जाची वॉशबर्न किंवा मार्टिनची वाटीपाठ दुरुस्त करायला हरकत नाही. बाकीच्या भिंतीवर शोभून दिसतात, तिथेच राहू द्या.

पाठ सपाट किंवा किंचित गोलाईची असेल तर शक्यता पुष्कळ. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथची मार्टिन, बोस्टनची वेगा, फिलाडेल्फियाची वायमन ही चांगली घराणी. आणि स्टेला, रीगल वगैरे बाजारू. गोव्यातल्या जुन्या घरातून सपाट पाठीचं वाद्य आलं असेल तर ते अमेरिकन समजू नका. पोर्तुगीज बांदोलिमची पाठही सपाटच असते, त्याची मोजमापं आणि बाजार दोन्ही निराळे.

तिसरा प्रकार कमानदार तबली आणि कमानदार पाठीचा, म्हणजे गिब्सन आणि गिब्सनची नक्कल करणारे. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबू. कमान तीन तऱ्हांनी येते. स्प्रूसचा जाड तुकडा कोरून आलेली कमान सर्वांत चांगली. पातळ अखंड फळी वाफेने आणि साच्याने दाबून आणलेली कमान मधली. तिच्यातून चांगला आवाज निघू शकतो, पण वर्षानुवर्षांच्या ताणाने ती बसते. तिसरी प्लायवूडची, ती बसत नाही आणि वाजतही नाही. तिन्ही लांबून सारख्याच दिसतात. ओळखायची जागा एकच, ती म्हणजे आवाजाच्या भोकाची कड. एफच्या आकाराचं भोक असेल तर टॉर्च मारून कडेला निरखून बघा. तबलीवरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर लाकूड अखंड आहे. कडेवर आडवे थर दिसले, मधला थर काळपट किंवा उलट्या दिशेचा दिसला, तर प्लायवूड. भोक लंबगोल असेल आणि कडेला सेल्युलॉइडची पट्टी बसवलेली असेल तर आत आरसा घालून तबलीची आतली बाजू बघा. बाहेर जिथे एखादी गाठ किंवा रुंद रेष आहे, तिथेच ती आतही असायला हवी. बाहेर सुरेख स्प्रूस आणि आत भलतंच लाकूड म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. कोरीव की दाबलेलं, हे कडेच्या जाडीवरून कळतं. कोरलेल्या तबलीची जाडी जागोजागी बदलते, दाबलेली सगळीकडे एकसारखी.

पाठीच्या बाबतीतही डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. स्वस्त वाद्यांची अंगं बर्चची असायची. बर्च मजबूत पण दिसायला फिकट आणि सपक, म्हणून कारखान्यात त्यावर ब्रशने रेघा ओढून शिसव किंवा मेपलचा भास करायचे. भोकातून पाठीच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. बाहेर वाघाच्या अंगावरचे पट्टे आणि आत कोरं पांढरट लाकूड, तर ते रंगकाम आहे. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, त्या काळी सगळ्यांना ते ठाऊक होतं. फसवणूक आज होते, जेव्हा विकणारा त्याला ‘फ्लेम मेपल’ म्हणून जास्तीचे पैसे मागतो.

आता मान. वाद्य डोळ्याशी धरा, डोक्याकडून पोटाकडे बघा, बंदूक रोखल्यासारखं. पडद्यांची रांग सरळ रेषेत जायला हवी. मान पुढे वाकली असेल, पिळली असेल किंवा पोटाला जिथे मिळते तिथे उंचवटा आला असेल तर लगेच दिसतं. नीट दिसलं नाही तर एक तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे पोटाला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. मधल्या भागात तार आणि पडदा यांत कागद जाईल एवढी फट ठीक. नाणं सरकलं तर मान वाकलेली आहे. मग बाराव्या पडद्यावर तारेची उंची मोजा. दीड ते दोन मिलिमीटर म्हणजे उत्तम. तीनच्या पुढे गेली की बोटं दुखतात, चारच्या पुढे ते वाद्य राहत नाही, शोभेची वस्तू होते. घोडी खाली करून उंची कमी होते हे खरं, पण घोडी आधीच तळाला टेकली आहे का ते बघा. टेकली असेल आणि तरीही तारा वर असतील तर मान उखडून पुन्हा बसवावी लागणार. ते काम अमेरिकेत चारपाचशे डॉलरांच्या आत होत नाही, आणि वाद्य दीडशेचं असतं.

इथे मानेतल्या सळीबद्दल एक गैरसमज मोडून टाकतो. मानेतली फिरवून ताणता येणारी सळी गिब्सनने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. त्याआधीच्या गिब्सनमध्ये ती नाही, आणि शिकागोच्या स्वस्त मालात तर त्यानंतरही बहुतेक वेळा नाही. काही वाद्यांच्या डोक्यावर ‘मान पोलादाने मजबूत केलेली’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले दिसतात. ती आत बसवलेली जड पट्टी आहे, फिरवता येत नाही. एकदा मान वाकली की ती पट्टीसुद्धा वाकूनच बसते.

मानेनंतर तबली. आठ तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोच्या घरात जातो आणि तो दिवसरात्र घोडीवर दाब देत असतो. तबलीवर आडवी पट्टी ठेवून बघा. घोडीजवळ खळगा पडलाय का? भोक आणि घोडी यांमधला भाग आत गेलाय का? लंबगोल भोकाच्या गिब्सनमध्ये भोकाच्या खालच्या बाजूला आतून एकच आडवी पट्टी असते. ती सुटली की तबली बसते. बोटाने किंवा आरशाने ती पट्टी घट्ट आहे का बघा. तबलीवर हलकं टकटक केल्यावर आतून खडखड आली तर काहीतरी सुटलंय. वाटीपाठ असेल तर एक खबरदारी: त्यांच्या तबलीला घोडीच्या मागे मुद्दाम दिलेला मोड असतो. कारखान्यातच गरम करून वाकवलेला. नवखा माणूस त्याला मोडलेली तबली समजून वाद्य टाकून देतो. मोड एका सरळ रेषेत, दोन्ही कडांपर्यंत सारखा असेल तर तो मूळचाच आहे.

भेगांना फार घाबरू नका. तबलीच्या रेषांबरोबर गेलेली सरळ भेग कुशल कारागीर चिकटवून आतून ठिगळ लावतो, आवाजाला फरक पडत नाही, किमतीला थोडा पडतो. मान तुटून चिकटवलेली असेल किंवा डोक्याजवळ भेग असेल तर मात्र किंमत निम्मी धरा. आणि घोडी जागेवर नसेल, वाद्य बेसूर वाजत असेल, तर ते टाकू नका. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. गराज सेलमधल्या वाद्यांच्या घोड्या हमखास सरकलेल्या असतात. डोक्याकडच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच किंवा केसभर जास्त बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवं. सरकवलीत की सूर जागेवर येतात. बेसूर वाजतं म्हणून कुणी ते वीस डॉलरला काढत असेल तर तुमचं नशीब.

सुटे भाग बघताना मात्र कंजूष व्हा. तार अडकवायच्या पत्र्यावरचं झाकण, खुंट्यांच्या जुन्या पट्ट्या, बोटांखालचा संरक्षक पत्रा यांतलं काही हरवलं असेल तर जुन्या मापाचं पुन्हा मिळत नाही. खुंट्यांच्या दांड्यांमधलं अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं. नव्या खुंट्या बसवायच्या तर डोक्याला नवी भोकं पाडावी लागतात, आणि तिथे मूळपणा संपला.

एवढं झालं की मगच नावाकडे या. स्टेला, सिल्व्हरटोन, सुपरटोन, रेकॉर्डिंग किंग, क्रॉमवेल, कलामाझू ही नावं म्हणजे दुकानांची आणि दुय्यम मालाची नावं. एकच कारखाना दहा नावांनी माल काढायचा. सीअर्ससाठी हार्मनीने बनवलेल्या वाद्यावर सुपरटोन, पुढे सिल्व्हरटोन. माँटगमरी वॉर्डसाठी रेकॉर्डिंग किंग, त्यातली काही गिब्सनच्याच कारखान्यातली. स्टेला हे नाव तर १९३९ मध्ये ऑस्कर श्मिटकडून हार्मनीकडे गेलं. म्हणजे एक स्टेला जर्सी सिटीची, दुसरी शिकागोची, आणि दोघींच्या भावात बरंच अंतर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असाही प्रकार इथे चालतो: हार्मनीचा शिकागोचा कारखाना १९७५ मध्ये बंद झाला, पण नाव पुढे आशियात बनलेल्या मालावर लागत राहिलं. लायन अँड हिलीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस तारवाद्यं सोडली, फक्त हार्प ठेवल्या. वॉशबर्न हे नाव पुढे दुसऱ्यांनी वापरलं. पोटात ‘मेड इन कोरिया’ दिसलं की कथा तिथेच संपते.

हार्मनीच्या पोटात शाईचा शिक्का शोधा. पाठीच्या आतल्या बाजूला इंग्रजी एच आणि मॉडेलचा आकडा असतो, आणि शेजारी एक अक्षर व दोन आकडी साल. शिक्का पुसट असेल तर टॉर्च आडवी धरा, सरळ प्रकाशात जे दिसत नाही ते तिरप्या प्रकाशात उमटतं.

पत्र्यावर किंवा घोडीवर कोरलेली पेटंटची तारीख ही वाद्याची जन्मतारीख नव्हे. ती फक्त एवढंच सांगते की हा भाग त्या तारखेआधीचा नाही. गिब्सनच्या संरक्षक पत्र्यावर ३० मार्च १९०९ अशी तारीख दिसते, उंची बदलता येणाऱ्या घोडीवर १८ जानेवारी १९२१. लोक ती घोडी जुन्या वाद्यावर आणून बसवायचे, म्हणून घोडी १९२१ ची आणि वाद्य १९१४ चं असं सर्रास आढळतं. खुंट्यांच्या पट्टीचे स्क्रूही बोलतात. अधिकच्या खुणेचा, फिलिप्स म्हणून ओळखला जाणारा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर आला. १९१५ च्या म्हणवल्या जाणाऱ्या वाद्यावर तो दिसला तर कुणीतरी मध्ये हात घातलेला आहे. लेबलवर चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९१८ नंतरचं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४५ ते १९५२ मधलं.

आणि गिब्सन. लंबगोल भोकातून खाली बघितलं की पाठीवर लेबल दिसतं, त्यावर मालिका क्रमांक आणि मॉडेल. लेबल गळून पडलं असेल तर मानेच्या मुळाशी असलेल्या लाकडी ठोकळ्यावर कारखान्याचा ऑर्डर क्रमांक बघा. तो आरशाशिवाय सापडत नाही. ए म्हणजे नाशपातीसारखा साधा आकार, एफ म्हणजे एका बाजूला लाकडाची गुंडाळी आणि खाली दोन टोकं. लोक एफमागे वेडे आहेत. माझं मत स्पष्ट आहे: ती गुंडाळी शोभेची आहे आणि तुम्ही गुंडाळीचे पैसे भरता. १९१० च्या दशकातलं लंबगोल भोकाचं साधं ए मॉडेल, मान सरळ असलेलं, हजार ते दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतं. जुन्या कारखानी मँडोलिनमधली एवढ्या पैशांतली यापेक्षा चांगली खरेदी मला माहीत नाही. हार्मनी, के वगैरे चालू स्थितीतली दीडशे-तीनशे डॉलरपर्यंत घ्या, पुढे जाऊ नका.

लॉइड लोअर हे नाव तुमच्या कानावर पडेलच. १९१९ ते १९२४ पर्यंत तो गिब्सनमध्ये होता आणि त्याने एफच्या आकाराची भोकं असलेलं एफ-५ आणलं. १९२२ ते १९२४ या काळात त्याने सही करून तारीख घातलेली लेबलं त्या वाद्यांत आहेत. ब्लूग्रास संगीताचा जनक मानला जाणारा बिल मनरो याने फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून १९४० च्या दशकात दीडशे डॉलरला घेतलेलं एफ-५ हे त्यातलंच, त्यावर ९ जुलै १९२३ ची तारीख आहे. आज अशा वाद्यांना लाख डॉलरच्या वर भाव मिळतो. ही गोष्ट ऐकून प्रत्येक गराज सेलमधल्या प्रत्येक माणसाला वाटतं, आपल्यालाही न्हावी भेटेल. भेटणार नाही. लोअरची सही ‘पाच’ दर्जाच्या वाद्यांतच असते. ए-२ किंवा ए-४ मध्ये ती दिसली तर लेबल खोटं आहे असंच धरून चाला. आणि खरोखरचं एफ-५ समोर आलंच, तर जाणकाराने आतून बाहेरून तपासल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.

किंमत ठरवताना गणित सोपं ठेवा. चालू स्थितीतल्या तशाच वाद्याला मिळालेला भाव घ्या, मागितलेला नव्हे. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. उरेल तो तुमचा आकडा. वजा करून काही उरतच नसेल, तर वाद्य फुकट मिळालं तरी महागच. वर नव्याने पॉलिश केलेलं असेल तर निम्मी किंमत गेली असंच बाजार धरतो. म्हणून हात जोडून सांगतो, जुन्या वाद्यावर घरी पॉलिश मारू नका, सँडपेपर तर लांबच ठेवा. किंचित ओलसर मऊ फडकं आणि मग कोरडं, एवढीच सफाई.

सापडल्या सापडल्या तारा ताणून बघण्याचा मोहही आवरा. सरस सुकलेला असतो, आतली पट्टी सुटलेली असते, आणि पूर्ण सुरापर्यंत ताणलं की तबली बसते. उलट, जुन्या तारा असतील तर त्या सैल करा. नव्या घालायच्या तर हलक्या, आणि वाटीपाठीला सगळ्यांत हलक्या. ब्लूग्रासवाल्यांच्या जाड तारांनी अशा कितीतरी वाद्यांचा बळी घेतलाय. ही वाद्यं सरसाने जोडलेली आहेत आणि सरस उष्णतेने व दमटपणाने मऊ होतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेलं वाद्य संध्याकाळी सांधे उघडलेलं सापडतं. शिकागोच्या हिवाळ्यात हीटरने तबली चिरते, कोकणच्या पावसाळ्यात सांधे सुटतात. पेटीत पन्नास टक्क्यांच्या आसपास दमटपणा राहील अशी सोय करा.

संरक्षक पत्रा कासवाच्या पाठीचा दिसतो, तो बहुतेक वेळा सेल्युलॉइडचा असतो. खात्रीसाठी गरम सुई टोचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं. तो पत्रा वाकडातिकडा होऊन कापरासारखा किंवा आंबट वास मारू लागला आणि जवळच्या तारांवर, पडद्यांवर हिरवट गंज चढला, तर तो कुजतोय. काढून वेगळा ठेवा, नाहीतर शेजारचं सगळं धातूकाम खातो. खरोखरच कासवाचा असेल, किंवा पाठ ब्राझिलियन शिसवाची असेल, तर वाद्य देशाबाहेर नेण्याआधी वन्यजीव व्यापाराच्या नियमांची चौकशी करा. ब्राझिलियन शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदीच्या यादीत आहे आणि जुनं आहे हे तोंडी सांगून विमानतळावर भागत नाही.

कशासाठी घेताय तेही स्वतःला विचारा. आपल्याला मँडोलिन ओळखीचं आहे ते हिंदी गाण्यातून, त्या थरथरत्या लांब सुरांतून. संगीतकार सज्जाद हुसेन त्यावर मींड काढत रागदारी वाजवत. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मँडोलिनवादकच. तुम्हाला तो नाद हवा असेल तर लंबगोल भोकाचं वाद्य बघा. त्याचा सूर गोल आणि रेंगाळणारा. एफ-भोकाचा सूर टोकदार, चटकन संपणारा, ब्लूग्रासच्या ठेक्यासाठी उत्तम. मींड काढायची तर पडदे झिजलेले चालणार नाहीत, नवे घालण्याचा खर्च हिशेबात धरा.

घरी आधीच एखादं वाद्य असेल आणि विकत घ्यायचा प्रश्नच नसेल, तर आज एवढं करा. तारा सैल करा. समोरून, मागून, डोक्याचा पुढचा-मागचा भाग, मानेची बाजूने दिसणारी रेष आणि भोकातून आतलं लेबल असे फोटो काढा. ते फोटो तारवाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाला दाखवा, जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला नव्हे. मान सरळ निघाली तर किरकोळ खर्चात ते वाजतं होईल. आणि घरात वाजवणारं कुणी नसेल तर ओळखीत व्हायोलिन शिकणारं एखादं मूल शोधा. मँडोलिनच्या तारांची जोडणी व्हायोलिनचीच आहे, बोटं त्याच जागी पडतात. त्याला ते वाजवायला द्या.